मदत हवी आहे : युरोपचा पहिलाच प्रवास, तोही एकट्याने

नमस्कार. मी कोथरूडला राहतो, वय 23. सप्टेंबरात पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन आणि प्राग ही शहरे पाठीवरच्या एका सॅकनिशी पाहण्याचा विचार आहे. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो, एवढे समजले आहे. खरी अडचण रेल्वेची आहे : 27 वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना युरेल पास (एकाच पासावर अनेक युरोपीय देशांत रेल्वेने फिरण्याची सोय) सवलतीत मिळतो खरा, परंतु पॅरिसहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या युरोस्टार या वेगवान रेल्वेगाडीसाठी पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, मग चारच शहरांसाठी पास परवडतो, की सुटी तिकिटे आधीच काढून ठेवावीत? शिवाय होस्टेलच्या सामाईक खोलीत रात्री पासपोर्ट आपण कुठे ठेवता? (आईने कमरेची पिशवी शिवून ठेवलीच आहे.) अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.