मूठ, पंजा की मुष्टी?

धागाकर्ता: कोरियन दिग्दर्शक जोंग चांग-ह्वा (जन्म १९२८) यांच्यावर लेख लिहितोय. १९५३ पासून कोरियात सिनेमे केले, मारधाडपटांत नाव झालं, मग साठच्या दशकाच्या शेवटी हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीकडे गेले. तिथल्या त्यांच्या १९७२ च्या कुंग-फूपटाच्या चिनी नावाचा शेवट 'च्युआन' असा आहे. इंग्रजीत 'किंग बॉक्सर'. मी 'मुष्टियोद्ध्यांचा राजा' केलं, तर बायको म्हणाली, "हातमोजेवाला दिसतोय डोळ्यांसमोर." काय लिहू?

प्रतिसाद १: वहिनींचं बरोबर आहे. मुष्टियुद्ध म्हटलं की दोरखंडांचं रिंगण आलंच. 'च्युआन' म्हणजे मूठ, आणि त्यावरून नुसत्या हातांनी लढायची विद्या. कोरियन तायक्वांदोतला 'क्वॉन' तोच. 'जगातली अव्वल मूठ' असा एकूण अर्थ. सरळ 'मूठ' लिहा.

प्रतिसाद २: अहो, आमच्या कोकणात 'मूठ' म्हटलं की आधी मूठ मारणारा आठवतो! आमची आजी पोस्टर बघूनच माघारी फिरली असती. 'वज्रमूठ' म्हणावं, तर आता सभा आठवतात.

प्रतिसाद ३: माझं मत 'पंजा'ला. १९७३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सनी हाच सिनेमा अमेरिकेत 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' म्हणून लावला. मराठीत बोटं मोजायला नकोत, फारसी 'पंज' म्हणजेच पाच. शिवाय पडदा बघा ना: नायक लो लिएह हात उगारतो, सायरनसारखं संगीत किंचाळतं (ते अमेरिकी टीव्ही मालिकेतलं, पण बसलंय झकास) आणि उघडा तळवा लालभडक होतो.

प्रतिसाद २: आणि निवडणूक चिन्हाचं काय?

प्रतिसाद ३: 'मृत्यूचा पंजा' म्हटल्यावर कोण मत द्यायला जाणार आहे? :)

धागाकर्ता: शीर्षकात 'पंजा', मूळ नावाचा अर्थ सांगताना 'मूठ'. ठरलं. आता एकच शंका. २००२ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरलेले इम क्वॉन-थेक सुरुवातीला जोंग यांच्याच हाताखाली होते. त्यांच्या नावातला 'क्वॉन' मुठीचाच का? तसं असेल तर एक झकास वाक्य तयार आहे.

प्रतिसाद १: वाक्य खोडा. उच्चार तोच, पण त्या कोरियन नावामागचं चिनी अक्षर वेगळं. तो 'क्वॉन' अधिकाराचा, सत्तेचा.