मदत हवी आहे: जुन्या मराठी पुस्तकांवरचे चुकीचे आयएसबीएन (पुस्तकाचे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) कसे नोंदवावेत?

आमच्या गावच्या वाचनालयाची यादी संगणकावर चढवतो आहोत. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर दहा अंकी आयएसबीएन आहे. तो तेरा अंकी करायची रीत माहीत आहे: शेवटचा अंक काढायचा, पुढे ९७८ लावायचे, मग १ आणि ३ ने आलटून पालटून गुणून नवा तपासणी अंक (क्रमांक बरोबर आहे का हे पडताळणारा शेवटचा अंक) काढायचा. हे स्प्रेडशीटमध्ये बसवलंय, दहा अंकी क्रमांकात शेवटी कधी कधी १० ऐवजी येणारा एक्सही सांभाळलाय.

अडचण वेगळीच आहे. ८१ ने (हा भारताचा संकेतांक) सुरू होणारे काही दहा अंकी क्रमांक मुळातच ११ च्या तपासणीत (अंकांच्या भारित बेरजेला ११ ने भाग जायला हवा) बसत नाहीत. मुखपृष्ठ आणि आतलं पान दोन्ही ताडून पाहिलं. छापलेलंच तसं आहे. रूपांतर केलं की तपासणी अंक नव्याने निघतो, त्यामुळे चुकीचा क्रमांकही बिनचूक दिसायला लागतो. हे मला फार धोक्याचं वाटतं. कारण पुढे त्याच क्रमांकावर भलत्याच पुस्तकाची माहिती चिकटेल.

या पुस्तकांवर बारकोड नाही, बरेच प्रकाशकही आता बंद झालेत. दाखलअंकाचे (वाचनालयाने प्रत्येक प्रतीला दिलेल्या क्रमांकाचे) आमचे स्वतःचे बारकोड लावणारच आहोत, तेव्हा स्कॅनिंगचा प्रश्न नाही.

मग छापलेला दहा अंकी क्रमांक तसाच ‘अवैध’ म्हणून नोंदवावा, की रकाना रिकामा ठेवावा? कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) वापरणारे नेमकं काय करतात?