बॅरिएट्रिक (वजन उतरवायचं ऑपरेशन) सोळाव्या वर्षी की चाळिशीत?

कोकमआगळ: ‘लहान आहे अजून, वाढत्या वयात उतरेल वजन’ हे ऐकून कंटाळलो. अमेरिकेत १३ ते १९ वयाच्या १६१ मुलांची आणि २५ ते ५० वयाच्या ३९६ जणांची गॅस्ट्रिक बायपासनंतरची (पोट छोटं करून आतड्याचा काही भाग वगळायचं ऑपरेशन) पाच वर्षं तपासली, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वजन दोघांचंही सारखंच उतरलं, २६ आणि २९ टक्के. पण आधीपासून टाइप २ मधुमेह असलेल्या मुलांपैकी ८६ टक्क्यांचा मधुमेह गेला, मोठ्यांपैकी ५३ टक्क्यांचाच. रक्तदाबाचं ६८ आणि ४१. आणि हे मोठेही किशोरवयापासूनच लठ्ठ होते बरं का! मग थांबून त्यांनी कमावलं काय?

सुमीत_नगर: सोयीचे आकडे उचललेत. त्याच अभ्यासात पुन्हा पोटाचं ऑपरेशन करायची वेळ मुलांवर जवळजवळ दुप्पट आली, लोहाची कमतरताही त्यांच्यातच जास्त. लोह, बी १२, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. होस्टेलवर राहणारी पोरं नाश्ता करत नाहीत, गोळ्या घेणार?

कोकमआगळ: मधुमेह ठेवला तर त्याच्या गोळ्या कोण घेणार? तीच पोरं ना?

वाचकमात्र: भांडा निवांत. आपल्याकडे आरोग्य विम्याच्या अटीतच १८ पूर्ण लागतात, शिवाय बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४०, किंवा ३५ आणि सोबत मोठा आजार. सोळाव्या वर्षी करायचं तर बापाने एफडी मोडायची.

जोशीकाकू: साठीच्या पुढच्यांना धाग्यात जागा आहे का? आमच्या ह्यांनी ६३ व्या वर्षी स्लीव्ह (पोटाचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन) केली. डायबिटीस काही गेला नाही, पण इन्सुलिन सुटलं आणि तिसरा मजला चढतात. स्नायू मात्र झडले. प्रोटीन आणि व्यायाम यांच्या मागे लागून करून घ्यावं लागतं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वयाची वरची मर्यादाच नाही. जन्मतारखेपेक्षा अंगात ताकद किती उरली आहे ते बघा म्हणतात. आमचे सर्जनही तेच म्हणाले होते.

सुमीत_नगर: काकू, तुमचं पटलं. साठीचा माणूस स्वतःचं स्वतः ठरवतो. सोळा वर्षांच्या मुलीचं आईबाप ठरवतात, माझा आक्षेप तिथे आहे. आणि कोकम, ते ८६ फार मिरवू नका. २०२४ मध्ये मुलांचे ऑपरेशननंतरच्या दहा वर्षांचे आकडे आले, त्यात मधुमेह गेलेले ५५ टक्केच आहेत.

कोकमआगळ: त्यात स्लीव्हवालेही धरलेत, त्यामुळे सरळ तुलना होत नाही. तरी घ्या: ऑपरेशननंतर मुलं दहाव्या वर्षी ५५, मोठे पाचव्याच वर्षी ५३. मुलीला विचारून ठरवावं, हे मात्र शंभर टक्के मान्य.