शब्दचर्चा : साभार, फॉरवर्ड, व्हायरल

(प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

मुद्रितशोधक

'साभार' म्हणजे आभारासह, आभार मानून. छापील मराठीत या शब्दाच्या तीन जागा ठरलेल्या होत्या. पुनर्मुद्रित लेखाखाली 'अमुक मासिकातून साभार', अभिप्रायासाठी आलेल्या पुस्तकांच्या यादीवर 'साभार पोच' आणि नाकारलेल्या लेखावर 'साभार परत'. तिन्ही ठिकाणी आभार कोणी कोणाचे मानले ते वाचणाऱ्याला कळत असे. मासिकातून घेतलेल्या लेखावर लेखकाचे नाव असे आणि मासिकाला संपादक असे.

व्हॉट्सॲपवर आता मजकुराच्या शेवटी नुसतेच 'साभार' दिसते, किंवा 'व्हॉट्सॲपवरून साभार', 'आंतरजालावरून साभार'. इथे '-वरून' हा प्रत्यय मजकूर कोणत्या वाटेने आला एवढेच सांगतो. तो लिहिला कोणी हे त्यातून कळत नाही, म्हणजे आभार कोणापर्यंतच पोचत नाहीत. तरीही पुढे पाठवणाऱ्याला वाटते की श्रेय देऊन झाले.

याच कुळातले आणखी दोन शब्द तपासायला हवेत. 'संकलन' म्हणजे अनेक ठिकाणांहून वेचून एकत्र करणे. एकाच लेखकाचा अख्खा लेख घेऊन खाली 'संकलन : मी' लिहिणे हा सरळ चुकीचा वापर आहे. 'शब्दांकन' म्हणजे एकाने सांगितले आणि दुसऱ्याने लिहून काढले. तिथे दोन नावे हवीतच, एकच असेल तर काहीतरी गाळले आहे असे समजावे.

विचारायचे आहे ते असे : मूळ लेखक खरोखर सापडत नसेल, तर खाली काय लिहावे? 'अज्ञात', 'अनामिक' की 'निनावी'?

पाठभेद

तिन्ही वेगळे आहेत. 'निनावी'मध्ये नाव लपवण्याचा हेतू लिहिणाऱ्याचा असतो. निनावी पत्र, निनावी तक्रार. 'अनामिक'मध्ये नाव नसणे हीच त्या व्यक्तीची किंवा रचनेची स्थिती आहे. आणि 'अज्ञात' हे आपल्या माहितीबद्दलचे विधान आहे : लेखकाला नाव आहे, पण आपल्याला कळलेले नाही. व्हॉट्सॲपवरचे बहुतेक लेख या तिसऱ्या वर्गातले. लेखकाने नाव दिलेले होते, वाटेत कोणीतरी शेवटची ओळ कापली. म्हणून 'लेखक अज्ञात' हे सुद्धा शोध घेतल्यानंतरच लिहावे. न शोधता लिहिले तर ते असत्य विधान ठरते.

ओवी

एक वेगळी बाजू मांडते. जात्यावरच्या ओव्यांना कधी कोणाचे नाव नव्हते. एकीने म्हटली, दुसरीने बदलली, सासरी गेलेल्या तिसरीने गावाचे नाव बदलून घेतली. ती सामूहिक रचनाच होती. मग आज सगळीकडे फिरणारा मजकूर लोकसाहित्यासारखा मानायला काय हरकत आहे? नावाचा आग्रह छापखान्याबरोबर आला, असे म्हणता येईल.

पाठभेद

ओव्यांबद्दल पूर्ण मान्य. पण नावाचा आग्रह छापखान्याने आणला हे मान्य करता येत नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' येते, तिला नाममुद्रा म्हणतात. रचना तोंडी फिरणार हे जाणून नाव रचनेच्या आतच विणलेले असे; खालून कापून टाकता येत नसे. त्यामुळे त्या काळी गैरप्रकार उलट्या दिशेने होत. स्वतःच्या रचनेत 'तुका म्हणे' घालून ती गाथेत शिरवत. अशा भरीला आपल्याकडे नेमका शब्द आहे : 'प्रक्षिप्त'. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ बिघडले होते म्हणूनच, आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवण्यासारखे होईल, असे बजावले.

आज दोन्ही प्रकार चालतात. एकीकडे हयात लेखकाचे नाव कापले जाते आणि दुसरीकडे कोणाचाही मजकूर पु. लं.च्या किंवा व. पुं.च्या नावावर चढवला जातो. पहिल्याला 'नाव गाळणे' म्हणू. दुसऱ्याला 'प्रक्षिप्त' म्हणावे, असा माझा आग्रह आहे. 'फेक' या शब्दाने सगळेच एका पिशवीत जाते. 'प्रक्षिप्त' म्हटले की नेमके काय बिघडले ते कळते : मजकूर असेल चांगलाही, पण तो या माणसाचा नाही. ओवी बदलणारी बाई ती दुसऱ्या कोणाच्या नावावर खपवत नव्हती, हा फरक मोठा आहे.

चावडी

मुद्दा 'फॉरवर्ड'चा. ईमेलच्या काळात मराठी संकेतस्थळांवर 'ढकलपत्र' हा शब्द चालू होता. ईमेलला 'विरोप', व्हॉट्सॲपला 'कायप्पा' म्हणणारेही होते. 'ढकलपत्र' मला फार आवडतो, कारण त्यात ढकलणारा दिसतो. 'फॉरवर्ड' मात्र मराठीत येऊन दोन तोंडांचा झाला. क्रियापद म्हणून 'मी फॉरवर्ड केला' यात कर्ता आहे. पण नाम म्हणून 'फॉरवर्ड आहे हो' म्हटले की तीच जबाबदारी झटकली जाते : मी म्हणत नाही, आलाय तसा दिला. 'जसा आला तसा' ही ओळसुद्धा तेच काम करते.

यात एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. व्हॉट्सॲपने २०१८ च्या जुलैमध्ये फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर बाणाची खूण आणि तशी चिठ्ठी दाखवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना पाठवण्याची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. पाच किंवा अधिक टप्पे ओलांडून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये जातो. पण हे सगळे 'फॉरवर्ड' बटण वापरले तरच. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण जातो, मोजणी जाते, मर्यादाही उरत नाही. पाहणाऱ्याला तो मजकूर पाठवणाऱ्याने स्वतः टंकल्यासारखा दिसतो. म्हणजे ज्याला आपण तुच्छतेने 'फॉरवर्ड' म्हणतो तो निदान खूण तरी बाळगतो. 'कॉपी पेस्ट' ती पुसतो. दुसऱ्याचा मजकूर द्यायचाच असेल तर बटणाने द्या, चिकटवू नका.

मुद्रितशोधक

हे ध्यानात आले नव्हते. मग 'कॉपी पेस्ट' असे वर लिहून चिकटवणारे निदान खूण परत जोडतात, असे म्हणायला हवे.

आवई

'व्हायरल'बद्दल. 'व्हायरल ताप' मराठीत आधीपासून होता, त्यामुळे हा शब्द सहज रुळला आणि येताना रोगाचे व्याकरणही घेऊन आला. ताप येतो, साथ पसरते. कोणी करत नाही. तसेच 'व्हिडिओ व्हायरल झाला'. बातम्यांत ही रचना सर्रास आहे. 'व्हायरल केला' क्वचित, आणि तेही गुन्हा दाखल झाल्यावर.

जुन्या मराठीत या दोन्हींसाठी वेगवेगळे वाक्प्रचार आहेत. 'आवई उठली' यात कर्ता नाही. 'वावड्या उठवल्या', 'कंडी पिकवली', 'हूल उठवली' यांत कोणीतरी ते मुद्दाम केले आहे. खुद्द 'अफवा' हा शब्द अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ 'तोंडे' असा आहे. अफवेला तोंडे असतात हे त्या शब्दातच होते. 'व्हायरल झाला'मध्ये एकही तोंड दिसत नाही.

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत फिरत होते. 'अफवेने बळी घेतले' असे वाक्य आपण सहज लिहितो, आणि त्या वाक्यात माणसे फक्त मरणाऱ्यांच्या बाजूला उरतात. मेसेज लिहिणारा, पुढे पाठवणारे आणि मारणारे, तिघेही वाक्याबाहेर जातात. भटक्या समाजाच्या माणसाची ओळख तिथे एका मेसेजने ठरवली. त्याच्याजवळच्या कागदपत्रांना काही अर्थ राहिला नाही. म्हणून बातमी लिहिणाऱ्यांना विनंती : कोणी पसरवला ते माहीत असेल तर 'पसरवला' लिहा. माहीत नसेल तर 'कोणी पसरवला ते स्पष्ट नाही' असे लिहा. 'व्हायरल झाला' म्हणून प्रश्नच मिटवू नका.

वकीलपत्र

कायद्याच्या भाषेत 'जसा आला तसा' याला फारसा आधार नाही. बदनामीच्या कलमात (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६) मजकूर रचणे आणि प्रसिद्ध करणे, दोन्ही येतात. प्रसिद्ध करणे म्हणजे छापणेच असे नाही, तिसऱ्या माणसापर्यंत पोचवणे पुरते. एका फेसबुक पोस्टच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये म्हटले की मेसेज फॉरवर्ड करणे म्हणजे तो मान्य करून त्याला दुजोरा देणे.

'ॲडमिन' शब्दाचाही गैरसमज काढू. गटातल्या दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून फौजदारी जबाबदार ठरत नाही. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसले पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. 'ॲडमिन'ला 'संपादक' म्हणतात ते म्हणूनच चुकते. संपादक आधी वाचून मग छापतो. ॲडमिनला मजकूर पडल्यावरच दिसतो.

आता 'साभार'. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्याचा हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० अखेरपर्यंत. कलम ५७ खाली लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क वेगळा आहे. लेखकाने कॉपीराइट विकला तरी तो हक्क त्याच्याकडे राहतो. 'साभार' लिहिल्याने परवानगी मिळत नाही. परवानगी घेतली असेल तर 'परवानगीने' लिहा. 'सौजन्य' हक्कदाराने आपणहून दिले असेल तेव्हाच.

पाठभेद

मूळ लेखक कसा शोधायचा ते लिहितो.

मजकुरातली सहा ते आठ शब्दांची एखादी वेगळी ओळ निवडा. सुरुवातीची किंवा शेवटची नको, कारण फेरफार तिथेच होतात, मधली घ्या. ती अवतरणचिन्हांत घालून शोधा. सापडले नाही तर लेखनभेद तपासा. 'ॲप' तीन प्रकारे टंकले जाते : 'ॲ' हे एकच अक्षर, 'अ'वर वेगळा चंद्र देऊन 'अॅ', किंवा 'ऍ'. डोळ्यांना जवळपास सारखे दिसले तरी संगणकाला ते वेगळे आहेत. 'दुसऱ्या'चेही तसेच; काही कळफलकांवर त्यात न दिसणारे जोडचिन्ह असते आणि काही लोक 'दुसर्या' टंकतात. म्हणून शक्यतो असे शब्द नसलेली ओळ निवडावी. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, नसतात, त्या शोधात येतच नाहीत. बंद गट आणि व्हॉट्सॲपही येत नाहीत. तेव्हा 'सापडले नाही' यावरून 'लेखक नाही' असे ठरत नाही.

सापडलेल्यांत सर्वांत जुनी तारीख पाहा. ती लेखनाची तारीख असेलच असे नाही, पण तिच्या नंतरचे दावे बाद होतात.

मोठ्या लेखकाचे नाव असेल तर काळाचे भान ठेवून वाचा. पु. ल. १२ जून २००० ला गेले, व. पु. काळे २६ जून २००१ ला. व्हॉट्सॲप आले २००९ मध्ये. त्यांच्या नावावरच्या मजकुरात सेल्फी किंवा व्हॉट्सॲपचे स्टेटस असेल तर तो प्रक्षिप्त. असे काही नसेल तर एकच प्रश्न : कोणत्या पुस्तकात, कोणत्या आवृत्तीत? उत्तर आले नाही तर नाव काढून टाका आणि 'लेखक अज्ञात' लिहा.

मुद्रितशोधक

तर खाली लिहायचे ते असे. माहिती असल्यास : 'लेखक अमुक, तमुक अंकातून, परवानगीने'. नसल्यास : 'लेखक अज्ञात, अमुक तारखेला गटात आलेला मजकूर, मूळ शोधले पण सापडले नाही'. ओळ लांब होते, होऊ द्या.

चावडी

छायाचित्रांचे राहिले. वर्तमानपत्रे 'संग्रहित छायाचित्र' लिहितात, म्हणजे चित्र या घटनेचे नाही, आधीचे आहे. 'प्रतीकात्मक' म्हणजे या घटनेशी संबंधच नाही, विषय कळावा म्हणून घातलेले. दर पावसाळ्यात जुन्या पुराची चित्रे नव्या गावाच्या नावाने फिरतात आणि त्यांवर यातले काहीच नसते. 'संग्रहित' हा शब्द मेसेजमध्ये वेगळा लिहून भागत नाही; पुढचा माणूस नुसते चित्र पाठवतो. शब्द चित्रावरच उमटवावा लागतो, तारखेसह, आणि कोपऱ्यात नको, कारण कोपरा कापता येतो.