देव नाही मानला तर चांगलं-वाईट ठरवायचं कोणी? (रसेल वाचलेल्यांनी सांगा)

भंवरकुआं_बॅकबेंचर
मंडळी, पीएससीची तयारी चालू आहे, नीतिशास्त्राच्या पेपरसाठी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल वाचून राहिलो, ते 'मी ख्रिश्चन का नाही' वालं 1927 चं भाषण. रविवारी काकांकडे पोहे खायला गेलो, तिथे विषय निघाला आणि काका भडकलेच. शेवेचा डबा बाजूला सरकवून म्हणाले, देव नाही असं एकदा ठरवलंस की उद्या साहेब झाल्यावर लाच घ्यायला तुला अडवणार कोण? मी म्हटलं, लाच खाणारेही आपल्या इंदूरच्या खजराणा गणपतीच्या रांगेत असतातच की. काकू हसली, पण काका म्हणे हा टोमणा झाला, उत्तर दे. तर उत्तर पाहिजे. रसेल धर्माला झोडपतो ते समजलं, पण मग नीती कशावर उभी करतो ते काही सापडत नाहीये.

निवृत्त_मास्तर
बेटा, काकांचं उत्तर त्याच भाषणात आहे, परत वाच. खून वाईट आहे तो देवाने सांगितलं म्हणून, की मुळातच वाईट म्हणून देवाने तसं सांगितलं? पहिलं धरलं तर उद्या उलटा हुकूम निघाला की खून चांगला ठरणार, आणि मग 'देव चांगला आहे' या म्हणण्याला काही अर्थच उरत नाही कारण तो जे करेल तेच चांगलं. दुसरं धरलं तर चांगलं-वाईट देवाच्या हुकमाआधीच ठरलेलं आहे. हा पेच मूळ ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादातला, रसेलचा नाही, पण लंडनच्या बॅटरसी भागातल्या टाऊन हॉलमध्ये उभं राहून साध्या श्रोत्यांपुढे त्याने तो मांडला हे विशेष.

दुसरं म्हणजे तो म्हणतो धर्माच्या मुळाशी भीती आहे. काकांचंच बघ ना, 'अडवणार कोण'! पलासिया चौकात शिपाई नसला की सिग्नल तोडायचा, असली नीती झाली ही. रसेलच्या मते चांगलं जगणं म्हणजे प्रेमाची प्रेरणा आणि ज्ञानाचं मार्गदर्शन, दोन्ही पाहिजे, नुसत्या प्रेमाने भागत नाही. हे 1925 च्या पुस्तकात आहे, छोटंसं आहे, एका बैठकीत होतं. आणि हो, येशूला तो सरसकट नाकारत नाही, पण शहाणपणात आणि सदाचारात बुद्ध आणि सॉक्रेटिसला त्याच्या वर बसवतो. नरकाची धमकी देणारा माणूस त्याला पूर्ण दयाळू वाटत नाही.

अन्नपूर्णा_रोडवाली
मास्तर, इतकं सोपं नाही हो. 1948 ला बीबीसीवर फादर कोपलस्टन या कॅथलिक धर्मगुरूबरोबर रसेलचा वाद झाला तो वाचा. फादर विचारतो, चांगलं-वाईट वेगळं कसं करता? रसेल म्हणतो निळा आणि पिवळा वेगळा करतो तसंच. पण रंग डोळ्याने दिसतात, हे कशाने दिसतं? तर म्हणे भावनेने. मग फादर बेल्झनच्या नाझी छळछावणीच्या कमांडंटचा दाखला देतो, की त्यालाही आपलं बरोबरच वाटत असेल, त्याला चूक कुठल्या आधारावर म्हणायचं? तिथे रसेलची गाडी अडकते, कितीही सारवासारव करा. काकांनी विचारलंय ते हेच, फक्त त्यांनी लाचेचं उदाहरण घेतलं.

आणि इंदूरात बसून भक्ती म्हणजे भीती हे मी तरी ऐकून घेणार नाही. अहिल्याबाईंनी काशीपासून कुठे कुठे मंदिरं आणि घाट बांधले ते खासगीच्या, म्हणजे होळकर घराण्यातल्या स्त्रियांच्या वेगळ्या उत्पन्नाच्या पैशातून, दौलतीच्या खजिन्याला हात न लावता. हुकमावर स्वतःचं नाव नाही, 'श्री शंकर'. एवढी सत्ता हातात असताना त्या बाईंना विचारणारं होतं तरी कोण?

राजवाडा_रात्री११
ताई, मान्य, पण खासगी ही अहिल्याबाईंच्या आधीची, 1734 ला त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंच्या नावाने लागलेली. म्हणजे दोन खाती वेगळी ठेवायची सोय घरात आधीच होती, त्यांनी ती इमानदारीने पाळली. भक्ती होती, हिशेबही होता. नुसत्या भक्तीवर इमान राहतं म्हणाल तर भिया मग ऑडिटवाल्यांना घरी पाठवा सगळ्यांना.

अवांतर, 1940 चा किस्सा माहीत आहे का? न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रसेलची नेमणूक झाली तर एका बाईने केस टाकली की हा माझ्या मुलीला बिघडवेल. शिकवणार होता तर्कशास्त्र आणि गणित, आणि त्या वर्गांना मुलींना प्रवेशच नव्हता! तरी कोर्टाने नेमणूक रद्द केली. दहा वर्षांनी त्याच माणसाला नोबेल, साहित्याचं.

निवृत्त_मास्तर
ताईंचा मुद्दा मी टाळत नाही. रसेलने स्वतःच म्हातारपणी लिहून ठेवलंय की नैतिक मूल्यं व्यक्तिसापेक्ष असतात हा युक्तिवाद मला खोडता येत नाही, पण निव्वळ मजेसाठी केलेलं क्रौर्य हे मला आवडत नाही म्हणूनच फक्त वाईट, हेही मला पटत नाही. तर पाया त्याला सापडला नाही. पण 1918 ला युद्धाविरुद्ध लिहिलं म्हणून सहा महिन्यांची सजा घेतली, आणि 1961 ला 89 व्या वर्षी अण्वस्त्रांविरुद्धच्या आंदोलनासाठी परत आठवडाभर आत. स्वर्ग मिळणार नाही हे पक्कं माहीत असून. काकांच्या 'अडवणार कोण'ला मला तरी हे उत्तर पुरेसं वाटतं, पेपरात मार्क किती मिळतील ते सांगता येत नाही.

भंवरकुआं_बॅकबेंचर
काकांना फोन करून युथिफ्रो ऐकवला. दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, देव एकीकडे आणि चांगुलपणा एकीकडे अशी फाळणी तूच केलीस, आमच्याकडे देव म्हणजेच चांगुलपणा. आता?

अन्नपूर्णा_रोडवाली
काका तर न वाचता थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञापर्यंत पोचले! कोपलस्टनचाही पक्ष हाच.

निवृत्त_मास्तर
मग त्यांना विचार, तो चांगुलपणा ओळखायचा कसा? विधवांचं केशवपन शास्त्रात आहे म्हणून चालायचं, आगरकर 'सुधारक'मधून त्यावर तुटून पडले, शिव्या खाल्ल्या. आज काकांच्या घरात कोणी ते करेल का? देवधर्म तोच आहे, पण यातलं हे ठेवायचं आणि ते टाकायचं ही निवड काकांनी कशाने केली?

अन्नपूर्णा_रोडवाली
निवड भावनेने केली म्हणा, की फादर परत बेल्झन घेऊन हजर. विवेकाने केली म्हणा, तर मग तोच विवेक रसेलला देव न मानता कसा मिळाला हे काकांना सांगावं लागेल. माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नाही, वर राजवाडावाल्यांनी ऑडिटचं काढलंय तर त्यांना विचारा, ऑडिटरवर कोण बसवायचा.