बाबांची ट्रॅमाडॉल मेडिकलवाला देईना

घाटावरचा:
बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल ५० ची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ लिहून दिलीय. दोन महिने ताईकडे पुण्याला राहायचं म्हणून एकदम १२० मागितल्या, तर मेडिकलवाला म्हणतो, "दादा, ही एनडीपीएसमधली, म्हणजे अमली पदार्थ कायद्यातली गोळी." चिठ्ठी हातात असताना? एसटीत पिशवी तपासली तर बाबांना आत घालतील का?

राजाभाऊ:
पेनकिलर आहे हो, चरस नाही. मेडिकलवाला घाबरट. दुसरं दुकान बघा.

काउंटरवाला:
राजाभाऊ, घाबरट तर घाबरट. बावीस वर्षं काउंटरला उभा आहे. मार्च २०१४ पासून ही गोळी एच-वन रजिस्टरात, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या वेगळ्या वहीत लिहावी लागते. डॉक्टर, पेशंट, नग, सगळं तीन वर्षं जपायचं. २६ एप्रिल २०१८ ला केंद्राने ती थेट एनडीपीएसच्या यादीत घातली. का, ते आम्हाला ठाऊक होतं. नशेसाठी एकाच चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन महिन्यात तिसऱ्यांदा आलेली पोरं मी परत पाठवलीत. शिव्याही खाल्ल्यात.
पण पेशंटने भिऊ नये. एनडीपीएसच्या नियम ६६ प्रमाणे स्वतःच्या उपचारासाठी, चिठ्ठीवर, एका वेळी १०० डोस जवळ ठेवता येतात. दीर्घकाळ घ्यायच्या असं डॉक्टरांनी मुद्दाम लिहिलं असेल तर ३००. तुमच्या १२० तिथेच अडकल्या.

काळा कोट:
बरोबर. कायद्याच्या कलम ८ मध्येच औषधी वापराला सूट आहे, पण नियमांच्या चौकटीत. चौकटीबाहेर गेलात की हिशेब भलताच. शिक्षा वजनावर ठरते: ट्रॅमाडॉलचं अल्प प्रमाण ५ ग्रॅम, व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम. आणि सुप्रीम कोर्टाच्या हिरा सिंग निकालापासून (२०२०) त्यात मिसळलेल्या इतर पदार्थांसकट अख्खं वजन धरतात. पॅरासिटामॉल ३२५ सोबतची साडेसदतीस मिलिग्रॅमची गोळी घ्या: शुद्ध औषध मोजलं तर ५ ग्रॅमला १३४ गोळ्या लागतात, अख्ख्या गोळीचं वजन धरलं तर फार तर १४ व्या गोळीलाच ५ ग्रॅम ओलांडतात. म्हणून कागद सांभाळा.

घाटावरचा:
चिठ्ठी आत्ता नीट वाचली. 'कॅप. ट्रॅमाडॉल ५०, १-०-१'. मुदतीचा पत्ताच नाही. सोमवारी ओपीडीला जाऊन नवी लिहून आणतो.

काउंटरवाला:
आणा. बिल चिठ्ठीलाच टाचा. आणि बाबांना कॅप्सूल सुट्या करून जुन्या डबीत भरायची सवय असेल तर प्रवासात नको. स्ट्रिपवरचं नाव दिसू दे.