डोळ्याच्या दाहात टीएनएफ रोखलेलं चालतं, मग एमएसमध्ये का नाही?

प्रश्न
युव्हिआयटिसमध्ये (डोळ्याच्या आतला दाह) टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू रोखणाऱ्या अडालिमुमॅबने दाह उतरतो, पण मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसतंतूंचं आवरण झिजवणारा आजार) अशी टीएनएफ रोखणारी औषधं टाळतात. रेटिना (डोळ्यातला पडदा) म्हणजे मेंदूचाच फाटा. मग एकच सायटोकाइन (पेशींमधला निरोप्या रेणू) दोन ठिकाणी उलटं का वागतं? रक्तातली आयएल-६ या दुसऱ्या सायटोकाइनची पातळी मोजून काही ठरवता येतं का?

उत्तर १
रेणू एकच असला तरी त्याचा निरोप घेणारे पेशींवरचे रिसेप्टर दोन आहेत. सुटा टीएनएफ मुख्यतः टीएनएफआर-१ चेतवतो. त्याने केशिकांच्या अस्तरावर आयकॅम-१ हे पेशी चिकटवणारं प्रथिन वाढतं, पांढऱ्या पेशी तिथे चिकटून आत शिरतात आणि अस्तरातले घट्ट सांधे सैल होतात. रेटिनात मग द्रव झिरपून मॅक्युला (रेटिनाचा मध्यभाग) सुजतो. पेशीपटलावरचा टीएनएफ मात्र टीएनएफआर-२लाही जोरात चेतवतो, आणि उंदरांमध्ये मायलिनची (नसतंतूंवरचं आवरण) डागडुजी याच रिसेप्टरवर अवलंबून असल्याचं दिसलंय. अडालिमुमॅब दोन्ही प्रकारचा टीएनएफ अडवतं. रेटिनातल्या अॅक्सॉनवर (नसतंतूंवर) सहसा मायलिन नसतंच, त्यामुळे तिथे हा तोटा दिसत नसावा. डोळ्यामागच्या ऑप्टिक नर्व्हवर ते असतं, आणि या औषधांवर ऑप्टिक न्यूरायटिस (त्या नर्व्हचा दाह) झाल्याच्या नोंदी आहेत. लेनरसेप्ट या टीएनएफ रोखणाऱ्या औषधाच्या एमएसमधल्या चाचणीत (१९९९) तर रिलॅप्स (आजाराचे नवे झटके) वाढलेच.

उत्तर २
वरच्या स्पष्टीकरणात मायलिनचा भाग अजून अनुमानच आहे, पण सावधगिरी खरी. इंटरमीजिएट युव्हिआयटिस (डोळ्याच्या मधल्या भागातला दाह) आणि एमएस बरेचदा सोबत येतात. म्हणून अशा पेशंटला अडालिमुमॅब देण्याआधी मेंदूचा एमआरआय करावा, शिवाय टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी. प्रौढांचा डोस: ८० मिग्रॅ, आठवड्याने ४० मिग्रॅ, मग दर दोन आठवड्यांनी ४०. मध्येच हातपाय बधिर झाले, दोन-दोन दिसू लागलं किंवा लाल रंग फिका वाटला, तर पुढचं इंजेक्शन थांबवून आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

प्रश्नकर्ता
म्हणजे एटानरसेप्ट हे टीएनएफ रोखणारं दुसरं औषधही चालेल?

उत्तर २
नको. डोळ्यात त्याचा प्रभाव कमी पडतो, उलट ते घेताना नव्याने युव्हिआयटिस झाल्याचीही उदाहरणं आहेत.

उत्तर ३
आयएल-६बद्दल. रक्तातल्या आकड्यावरून डोळ्यातलं काही ठरवू नका. दाह डोळ्यापुरता असेल तर रक्तात पातळी नॉर्मल येऊ शकते, आणि साध्या सर्दीतापानेही ती चढते. नमुना डोळ्यातूनच हवा: पुढच्या कप्प्यातून ०.१ ते ०.२ मिली द्रव. त्याचे लहान भाग करून लगेच उणे ८० अंशांवर ठेवा. पुन्हा पुन्हा वितळवून गोठवलं की आकडे भरवशाचे राहत नाहीत.

खरा उपयोग गुणोत्तराचा. डोळ्यातल्या द्रवात आयएल-१० (आणखी एक सायटोकाइन) भागिले आयएल-६ एकाच्या वर गेलं तर दाहापेक्षा लिम्फोमाचा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) संशय धरतात. निदान मात्र पेशी पाहूनच. त्याआधी स्टेरॉइड सुरू केलं असेल तर पेशी सापडणं अवघड.

एनएमओमध्ये (ऑप्टिक नर्व्ह आणि मज्जारज्जूचा दाह होणारा आजार) आयएल-६ थेट निशाण्यावर असतं, कारण अॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्माब्लास्ट पेशी त्यावर तगतात. आयएल-६चा इशारा अडवणारं सॅट्रालिझुमॅब १२० मिग्रॅ त्वचेखाली ०, २ आणि ४ आठवड्यांना, मग दर चार आठवड्यांनी. यात फसगत सीआरपीची (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) होते. यकृत आयएल-६च्या इशाऱ्यावर सीआरपी बनवतं, तो इशाराच अडवल्यावर जंतुसंसर्ग असतानाही सीआरपी खालीच राहू शकतो. ताप, खोकला, लघवीची जळजळ यांकडे लक्ष ठेवा, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सोडू नका.